मिशिगनमध्ये पाहिलेला नाताळ प्रांत

अमेरिकेहून परत आल्यापासून साताऱ्यात जो भेटतो तो पहिल्यांदा धबधब्याचंच विचारतो. तर एकदाच सांगून टाकते. नायगारा पाहिला. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बोटीत बसले, चष्म्यावर पाणी उडालं, काहीएक दिसलं नाही, फोटो काढला, संपलं. मोठा आहे, आपल्या ठोसेघरच्या कितीतरी पटींनी मोठा. पण चित्रात बघितला होता तसाच निघाला. मला धक्के बसले ते माझ्या धाकट्या भावाकडे, कधी हॉटेलातल्या खुर्चीत, कधी जेवणाच्या टेबलाशी. ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

पंच्याऐंशी साली मी हायस्कुलातून निवृत्त झाले. जन्मभर भूगोल शिकवला आणि कोल्हापूर-मुंबईच्या पलीकडे गेले नाही, यावरून शिक्षकांच्या खोलीत माझी कायम टिंगल व्हायची. अरविंदनं, म्हणजे आमच्या अरूनं, तिकीट पाठवलं आणि भर सप्टेंबरात मी डेट्रॉइटला उतरले.

नोव्हाय

डेट्रॉइटपासून थोड्या अंतरावर नोव्हाय नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं आपलं. चौक नाही, पार नाही, रस्त्यावर माणूस नाही. घरं, हिरवळ, परत घरं, परत हिरवळ. अरू तिथल्या एका मोठ्या मोटार कंपनीत इंजिनियर. मोटारींच्या ब्रेकचं डिझाइन करतो. बायको सुनंदा, आणि दहावी-अकरावीच्या वयाची मुलगी शर्वरी, जी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते.

दुसऱ्याच दिवशी मी घोळ घातला. न्हाणं झालं, लुगडं धुतलं आणि मागच्या लाकडी ओट्याच्या कठड्यावर छान पसरून वाळत घातलं. ऊन काय सुरेख पडलं होतं! अर्ध्या तासात शेजारीणबाई दारात. गोरीपान, हसरी, हातात बशीभर बिस्किटं. सुनंदाशी पाच मिनिटं गोड गोड बोलली आणि गेली. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून भेटायला आली बिचारी.

सुनंदा आत आली ती कानकोंडी होऊन. "वन्सं, लुगडं आत घेऊ या का? इथे बाहेर कपडे वाळत घालायला परवानगी नसते."

"परवानगी? कुणाची?"

"वस्तीचा नियम आहे. घरांची किंमत कमी होते म्हणतात."

मी कपाळाला हात लावला. ज्या देशाच्या सरकारनं चंद्रावर माणूस उतरवला, तिथे माझं ओलं लुगडं बघून घराची किंमत उतरते! पुढचे सगळे दिवस माझी लुगडी तळघरातल्या यंत्रात गरगर फिरून पीळ पडून येत होती.

अरूच्या कामाविषयी मी आल्या आल्या विचारलं. तो म्हणाला, "चाललंय." तेवढंच. शर्वरीनं मात्र बापाच्या पाठीमागे सगळं सांगितलं. तिच्या तोंडी मराठी कमी होती, पण मुद्दा लख्ख होता. "आत्या, डॅडचा बॉस आहे ना, त्याला डॅडनेच ट्रेन केलंय. आणि त्याच्या आधीच्या बॉसला पण. इट्स सो अनफेअर." दरवेळी मॅनेजरची जागा निघायची, अरू अर्ज करायचा, आणि जागा अरूच्या हाताखाली शिकलेल्या कुणातरी पोराला मिळायची. साहेब दरवेळी पाठ थोपटून सांगत, अरविंद, तुझं काम उत्तम आहे, थोडं अजून सुधार, पुढच्या वेळी नक्की.

मला हे ऐकून वाईट वाटलं, पण खरं सांगते, फार नाही. वाटलं, आपल्या झेडपीत काय वेगळं चालतं?

सायडरची गिरणी

पानगळीच्या दिवसांत तिकडे एक रिवाज आहे. सगळं कुटुंब मोटारीत बसून सफरचंदाच्या बागेत जातं. तिथे जुनी रस काढायची गिरणी असते. लालभडक सफरचंदं एका बाजूनं आत जातात, दुसऱ्या बाजूनं गढूळ तपकिरी रस येतो, त्याला सायडर म्हणतात. सोबत गरम गरम डोनट, आपल्या गोड वड्यांची भोकाची बहीण. आपली उसाची गुऱ्हाळं आठवली. फरक एवढाच की इथे काकवी चाखायला बोलावणारं कुणी नव्हतं, सगळे रांगेत उभे.

झाडं अशी पेटली होती की नजर ठरेना. मी पिवळ्या पानांकडे बघत डोनट खात होते आणि अरू म्हणाला, "ताई, आम्ही इथून हलायचं म्हणतोय."

"बरं झालं. कुठे, कॅलिफोर्नियाला?"

"नाही. डर्बनला. साउथ आफ्रिका."

डोनट घशातच अडकला. सुनंदानं पाठीत थापट्या मारल्या. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी ओरडलेच. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

मग त्यानं सविस्तर सांगितलं. नाताळ प्रांताचं उद्योग खातं तिकडे कारखाने यावेत म्हणून इथे माणसं पाठवतं. तिथल्या वर्णभेदावरून अमेरिकन कंपन्या अंग काढून घेण्याच्या गोष्टी करत होत्या, कॉलेजांतून पोरं निदर्शनं करत होती, म्हणून त्यांना नवे लोक हवे होते. आणि त्यांना आठवलं की नाताळात हिंदी वंशाचे लोक पुष्कळ आहेत, डेट्रॉइटात हिंदी इंजिनियर पुष्कळ आहेत. ब्रेकचे लायनर करायचा एक कारखाना निघणार होता. अरूनं साठवलेले पैसे घालायचे, भागीदार व्हायचं, आणि वर्क्स मॅनेजर म्हणून कारखाना चालवायचा.

"वर्क्स मॅनेजर, ताई," तो परत म्हणाला. हे दोन शब्द उच्चारताना त्याचा चेहरा एकदम उजळला.

हॉटेलातला हॉल

शनिवारी हॉटेलात त्या नाताळवाल्यांचा स्लाइड शो होता. मीही हट्टानं गेले. कोट घालून आपली चाळीसेक मंडळी आलेली. बरेचसे मराठी, त्यात डॉक्टर, इंजिनियर, आणि सगळ्यांच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. समोसे होते, पनीर होतं. माझ्या शेजारी नागपूरचे डॉक्टर पांढरीपांडे बसले होते. हे गृहस्थ अमेरिकेत हृदयं तपासतात, पण त्यांचं स्वतःचं हृदय प्लॉटमध्ये आहे. कोथरूडला एक, नागपुरात दोन, फ्लोरिडात एक. मला म्हणाले, "ताई, जमीन कुठचीही असो, घेऊन ठेवून द्यायची. पडून राहते बिचारी, खायला मागत नाही."

बोलायला आलेले साहेब उंच, केस पांढरे, आवाज मऊ. म्हणाले, मला पीटर म्हणा. दिवे मालवले आणि पडद्यावर पहिलं चित्र आलं ते ड्रेकन्सबर्गच्या डोंगरांचं.

मी अक्षरशः खुर्चीत पुढे सरकले. तीस वर्षं मी हे नाव फळ्यावर लिहिलं होतं. पूर्वेचा उतार तीव्र, पावसाचं प्रमाण जास्त, मुख्य पीक ऊस. आमच्या जुन्या पुस्तकात 'नाताळ प्रांत' म्हणून अर्धं पान होतं आणि त्यात एकही चित्र नव्हतं. आता समोर सगळं रंगीत. उसाचे मळे, थेट आपल्या कराडकडच्यासारखे. डर्बनचं बंदर. समुद्र असा निळा की विचारू नका. मला वाटलं, अरूचं काही चुकत नाही, देश सोन्यासारखा आहे.

पीटरसाहेब सवलती सांगत होते. कर माफ. रेल्वेचं भाडं कमी. वीज स्वस्त. मजुरीतला काही भाग सरकार देणार. मंडळी माना डोलवत होती. मग ते म्हणाले, "आणि कामगारांच्या घरांची जबाबदारी तुमच्यावर नाही. ते सकाळी बसनं त्यांच्या भागातून येतात आणि संध्याकाळी बसनं परत जातात. त्यांना तुमच्या गावात राहायची परवानगीच नाही."

हे वाक्य त्यांनी वीज स्वस्त आहे म्हटलं त्याच सुरात म्हटलं. मला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं, काहीतरी वेगळं म्हणाले असतील. मी आजूबाजूला बघितलं. कुणाचा चेहरा हललेला नव्हता.

पुढच्या चित्रात शहराचा नकाशा आला. नकाशा दिसल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. वर्गात पोरांना नकाशापुढे उभं करून 'तुझं घर दाखव' म्हणायची मला सवय. मी उभी राहिले आणि माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत विचारलं, "साहेब, माझ्या भावाचं घर यात कुठे येईल, ते दाखवता का?"

अरूनं माझा पदर ओढला. पण साहेब खूश झाले. काठी घेऊन पुढे आले. "छान प्रश्न. हा समुद्राकडचा उंचवटा युरोपियन लोकांचा. हा भाग काळ्यांचा. आणि हा इथे, टेकडीमागे, एशियन लोकांचा. उत्तम घरं आहेत. तुमची देवळं आहेत, शाळा आहेत, तुमच्यासाठी वेगळा समुद्रकिनारासुद्धा आहे. तो फार छान आहे."

वेगळा समुद्रकिनारा! मला वाटलं होतं, ते थोडे तरी अडखळतील, मान खाली घालतील, पान उलटल्यासारखं चित्र बदलतील. छे! बिनदिक्कत. टेकडीमागची ती जागा काठीनं दोनदा ठोकून दाखवली. मी खाली बसले.

मागून कुणीतरी विचारलं, "आमच्या त्या तरुण बॅरिस्टरला फर्स्ट क्लासच्या डब्यातून उतरवलं होतं, ते स्टेशन ह्याच प्रांतात ना?"

"हो, हो," साहेब म्हणाले, "आता स्टेशन पुष्कळ सुधारलंय."

आणि हॉल हसला. देवाशपथ सांगते, हसला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानंतरचा प्रश्न होता कर नक्की किती वर्षं माफ.

दिवे लागल्यावर डॉक्टर पांढरीपांडे माझी समजूत घालायला लागले. "ताई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. सगळे देशी एका जागी, देऊळ जवळ, भाजी चांगली मिळेल. बरंच की!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "डॉक्टर, आमच्या गावातही एक वस्ती गावाबाहेर होती. सगळे एका जागी. त्यांना बरं वाटतं का, हे कुणी विचारलं नव्हतं."

डॉक्टरांनी समोसा उचलला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले.

घरातली बोलणी

घरी आलो. स्वयंपाकघरात सुनंदा हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच काहीतरी बोला. मी बोलले की ह्यांना वाटतं, मी ह्यांचे पंख छाटते." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी बोलायला कशाला लाजते? पर्समधून पासपोर्ट काढला आणि अरूपुढे उघडून ठेवला. आपल्या पासपोर्टावर छापलेलंच असतं, कुठल्या देशांत हा चालणार नाही ते. दक्षिण आफ्रिकेचं नाव तिथे ठसठशीत. "वाच."

"ते तुझं, ताई. माझा अमेरिकन आहे. मला चालतो."

"तुला चालतो रे. पण तू तिथे गेलास की मला तुझ्या घरी कधी येता येणार नाही. आईला नाही. तू आजारी पडलास तरी नाही. कळतंय का तू कुठे चालला आहेस?"

त्यानं पासपोर्ट मिटून माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं मला कळत नाही," तो म्हणाला. "ताई, हे घर घेताना त्या एजंटनं आम्हाला तीन वस्त्या दाखवल्याच नाहीत. म्हणाला, तिथे तुम्हाला बरं वाटणार नाही. फार गोड बोलून म्हणाला. त्या वस्त्यांत घरं विकायला होती, मी नंतर पाट्या पाहिल्या. मग टेकडीमागे राहिलो तर काय मोठंसं? निदान तिथे कारखान्यात मी मॅनेजर असेन. एकदा, ताई. एकदा तरी."

हा दुसरा धक्का. नोव्हायच्या हिरवळी बघून मी साताऱ्याला दोन पत्रं लिहिली होती, इथे कसा सगळ्यांना सारखा मान आहे म्हणून. ती पत्रं शाळेत वाचून दाखवली गेली असतील या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शर्वरी जिन्यात बसून ऐकत होती. तिथूनच तिनं विचारलं, "डॅड, माझी फ्रेंड तान्या मला भेटायला आली तर? शी इज ब्लॅक. व्हेअर वुड शी स्लीप?"

अरू म्हणाला, "बघू आपण." मग टीव्ही लावून बसला. कार्यक्रम कुठलाही असो, तो बघत नव्हता.

रविवारचं जेवण

पुढच्या रविवारी अरूनं पीटरसाहेबांना दुपारी जेवायला बोलावलं. सह्या व्हायच्या होत्या. आपल्याकडे महत्त्वाचं काही ठरवायचं तर आधी पंगत लागते, ती खोड अमेरिकेत जाऊनही सुटत नाही. सुनंदानं मसालेभात केला, भरली वांगी केली. आंबट क्रीम फडक्यात बांधून टांगलं आणि त्याचं श्रीखंड केलं, तेही फक्कड झालं. मी ठरवलंच होतं की या माणसाशी तुसडेपणानं वागायचं.

पण दुसऱ्याला वागू देतील तर ना! दारातच बूट काढले. मला वाकून नमस्कार केला. भिंतीवरचा आईचा फोटो बघून 'तुमच्या मातोश्री का?' म्हणून तब्येतीची चौकशी केली. काटा-चमचा बाजूला सारून हातानं भात कालवला आणि वांगी दोनदा मागून घेतली. म्हणाले, लहानपणी आमच्याकडे मद्रासी आचारी होता, त्याच्यामागे स्वयंपाकघरात बसून मी जेवायचो, त्याचं आजारपण मी स्वतः काढलं. आवाज खरंच कापला त्यांचा. दुष्ट माणूस असता तर माझं काम सोपं झालं असतं. हा तर आपल्या शेजारी असावा असा माणूस. मला काही सुधरेना.

श्रीखंड वाढताना अरूनं सहज विचारल्यासारखं विचारलं. सहज नव्हतं ते. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या की मी लहानपणापासून ओळखते. "पीटर, कारखान्यात गोरे फोरमन असतील ना?"

"असतील. अनुभवी लोक आहेत."

"ते माझ्या हाताखाली असतील?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. अरूच्या हातावर हात ठेवला आणि अतिशय मायेनं म्हणाले, "नाही, नाही. ती काळजी तुम्ही करू नका. तुमच्यावर तसा प्रसंग आम्ही येऊच देणार नाही. त्यांच्यासाठी एक डेप्युटी नेमू, आमच्यातला. तो त्यांना हुकूम देईल. तुमच्या दारावर पाटी वर्क्स मॅनेजरचीच राहील. तुम्ही डिझाइन बघा, तुमच्यातल्या आणि काळ्या कामगारांचं बघा. कुणाचाच अपमान नको ना."

सुनंदाच्या हातातला वाढायचा डाव तसाच वर राहिला. शर्वरी बापाकडे बघत होती. मला वाटलं, आता हा उठेल, ताट भिरकावेल. मी असते तर भिरकावलं असतं. अरू म्हणाला, "श्रीखंड घ्या ना थोडं." आणि साहेबांनी घेतलं.

कॉफी झाली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. कागद टेबलावरच राहिले. साहेबांनी घाई केली नाही, म्हणाले निवांत वाचा, सही करून पाठवा. जाताना सुनंदाला म्हणाले, इतकं सुग्रास मी घर सोडल्यापासून जेवलो नाही. मोटार वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते.

अरू तसाच मागच्या अंगणात गेला. तिथे पानांचा खच पडलेला. त्यानं दाताळं घेतलं आणि पानं ओढायला लागला. भराभर, रागानं. मी शाल गुंडाळून बाहेर गेले. मीही पायानं पानं एकीकडे सारत राहिले.

बऱ्याच वेळानं तो थांबला. "उद्या नाही म्हणून कळवतो त्याला."

"बरं केलंस," मी म्हटलं. माझ्या जिवात जीव आला. "कसलं निर्लज्ज बोलणं ते! तुझ्या तोंडावर, तुझ्या घरात, तुझं अन्न खाऊन!"

"त्यानं निदान सांगितलं ग," अरू म्हणाला. "गोरा माणूस माझ्या हाताखाली देणार नाही म्हणून सरळ सांगितलं. इथे मला हे कुणी बोललं नाही. पाठ थोपटायचे, म्हणायचे, काम थोडं अजून सुधार."

दाताळं हातातून सुटून पानांवर पडलं, ते त्यानं उचललं नाही.

"आणि मी, ताई, इतकी वर्षं रोज घरी येऊन तळघरात बसून माझीच ड्रॉइंग्ज परत परत तपासत होतो. कुठे चुकतंय आपलं, म्हणून."